कुत्र्याची शी उचला, अन् तीही ताजी असतानाच
नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी कुत्रा फिरवता ना, मग खिशात दोन पिशव्या ठेवाच. कुत्र्याच्या शीतून येणाऱ्या टॉक्सोकारा जंताची अंडी पडल्या पडल्या लागण करत नाहीत, मातीत साधारण 2 ते 4 आठवडे मुरली की मग करतात, अन् शी वाळून दिसेनाशी झाली तरी तिथंच महिनोन्‌महिने टिकतात बाप्पा. पिशवी हातमोज्यासारखी घालायची, उचलायचं, उलटी करून गाठ, कचरापेटीत. नालीत नाही! आमच्या लेआउटच्या बगीच्यात घसरगुंडीखालच्या रेतीत पोट्टे उघड्या पायानं खेळून राहिले, अन् शीतूनच येणाऱ्या हूकवर्म या दुसऱ्या जंताच्या अळ्या तर कातडीतूनच शिरतात. पिल्लाला 2 आठवड्यांपासून जंताचं औषध, मोठ्याला साधारण दर 3 महिन्यांनी, डोस व्हेटला वजन सांगूनच. घरी आल्यावर साबणानं हात, नखंसुद्धा.