सशाचं पिल्लू आणलंय? आधी लेंड्या बघा

ऐरोलीतल्या आमच्या घरी कापशी आली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "दोन महिन्यांची आहे." डॉक्टरांनी हातात घेताच सांगितलं, जेमतेम पाच आठवडे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, त्याचं पोट अजून तयार झालेलं नसतं. तिसऱ्या रात्री कापशीचं ढुंगण ओलं दिसलं. जुलाब. मी सकाळपर्यंत थांबले, ते चुकलंच. एवढंसं पिल्लू काही तासांत पार गळून जातं. ती वाचली, पण तुम्ही थांबू नका, रात्रीच डॉक्टर शोधा.

म्हणून रोज सकाळी आधी पिंजऱ्याखालचा कागद बघा. चांगली लेंडी गोल, कोरडी. चुरली की आत गवताचे धागे दिसतात. कधी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारखा गुच्छ दिसेल. तो ससा स्वतःच खातो आणि त्याला त्याची गरज असते, अडवू नका. लेंड्या बारीक किंवा कमी झाल्या तर सावध व्हा. खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद होऊन दहा-बारा तास झाले, तर उशीर झालाच म्हणून समजा.

पहिला आठवडा दुकानात जे खात होतं तेच द्या, बदल हळूहळू करा. सुकं गवत चोवीस तास समोर हवं. लहानपणी लसूणघास (अल्फाल्फा नावाचा चारा, लसूण नव्हे) हाही चालतो. गाजर, कोबी इतक्यात नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून रोज वजन करा, कॅलेंडरवर लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन घटतंय, ही धोक्याची खूण.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत पिंजरा ठेवूच नका, सशाला उकाडा सोसत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. आंघोळ मात्र कधीच नाही. पावसाळ्यात ओल्या ढुंगणावर माश्या बसून अळ्या पडतात, तेव्हा दिवसातून दोनदा बघा.

नाकावर, कानांच्या कडांवर पापुद्रे दिसले तर बहुधा खरूज. ती माणसालाही लागू शकते, मुलांना हात धुवायला लावा. औषध डॉक्टरच देतील. कुत्र्याचं फिप्रोनिलवालं गोचीडनाशक सशाला विषारी आहे, आणि घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक पाजलं तर पोटातले चांगले जंतू मरून ससाच जाऊ शकतो.

प्राण्यांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत, आधी फोन करून विचारा. जाताना ताज्या लेंड्या डबीत न्या. कॉक्सिडिया, म्हणजे जुलाब लावणारे बारीक परजीवी, आहेत का, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.