विक्री थंडावली? भाव पाडण्याआधी हे बघा

ऑर्डरी यायच्या थांबल्या की पहिला विचार सुचतो तो सूट लावायचा. जरा थांबा. मी इंदूरला रामबागेत राहते, बाग प्रिंट (बाग गावची ठशांची छपाई) आणि माहेश्वरीच्या कातरणीतून पाऊच, बटवे, झोळे शिवून घेते आणि ऑनलाइन विकते. माझ्या मधल्या पाऊचचा हिशोब उघडाच मांडते. किंमत ४५० रुपये. कापड-अस्तर ९०, चेन-धागा २५, शिवणाऱ्या ताईंची मजुरी १२०, डबा २०. खर्च २५५, हातात १९५. आता वीस टक्के सूट द्या, म्हणजे ९० रुपये. ते ९० रुपये कापडवाला सोडत नाही, ताईंनी का सोडावेत? ते जातात माझ्या १९५मधून. उरले १०५. म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी जवळजवळ दुप्पट पाऊच विकायचे. आणि ज्यांनी गेल्या महिन्यात पूर्ण किमतीला घेतला, त्या मनात काय म्हणतील ते वेगळंच.

मंदी खरी आहे का, हे आधी ठरवा. आपलं गिऱ्हाईक तिथीवर चालतं आणि ॲपचे आलेख तारखेवर. २०२४ला दिवाळी ऑक्टोबर संपता संपता होती, २०२५ला २० ऑक्टोबरच्या आसपास. तारखेला तारीख लावून पाहिलीत तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा कोसळलेलाच दिसेल. पितृपक्षात खरेदी मंदावते, अधिक महिन्यात लग्नं नसतात. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, तेव्हा रुखवताचे बटवे पडून राहिले तर त्यात दुकानाचा दोष नाही. मागच्या वर्षीचं कालनिर्णय जवळ घेऊन बसा आणि सणाशी सण ताडून बघा.

परदेशी ऑर्डरींचं गणित निराळं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जकात लागत नसे, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५पासून गेली. आपल्या टपाल खात्यानं त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडच्या पार्सलांचं बुकिंग थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. तुमची घसरण तिथून सुरू झाली असेल तर फोटो बदलून काही होणार नाही. जकात कोण भरणार हे लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या ऑनलाइन पानावर, स्वच्छ लिहा आणि काही महिने देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोर लावा.

एवढं करूनही घसरण उरलीच, तर दोनच आकडे काढा: दुकानात किती जणी आल्या आणि त्यातल्या किती जणींनी घेतलं. एट्सीवर (हस्तकलेच्या वस्तू विकायची परदेशी वेबसाइट) स्टॅट्समध्ये, इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर इनसाइट्समध्ये भेटींचा अंदाज मिळतो.

येणाऱ्याच कमी झाल्या असतील तर नावं तपासा. ‘अबोली’, ‘मृण्मयी’ ही नावं आपल्याला गोड वाटतात, पण ती शोधतंय कोण? लोक शोधतात ‘बाग प्रिंट पाऊच’, ‘वाणासाठी बटवा’. एट्सीवर प्रत्येक वस्तूला १३ टॅग, म्हणजे शोधायचे शब्द, मिळतात, प्रत्येकी २० अक्षरांपर्यंत. नुसता ‘बॅग’ असा टॅग म्हणजे वाया गेलेली जागा, दोन-तीन शब्दांचा नेमका टॅग घाला आणि तेराच्या तेरा भरा. लिस्टिंग चार महिने चालते, पुढे ०.२० डॉलर भरून नवी करावी लागते. नवी केल्यावर ती थोडा वेळ वर दिसते, म्हणून काही जणी रोज नवी करत बसतात. माझ्या मते हे पैसे जाळणं आहे.

येतात भरपूर पण घेत नाहीत, हा प्रकार मला जास्त आवडतो, कारण तो बहुतेक आपल्याच हातात असतो. व्हॉट्सॲपवर आलेले जुने प्रश्न वर सरकवत वाचा. माझ्याकडे तीनच फिरून फिरून येतात: यात मोबाईल बसतो का, रंग जातो का, आतून कसा आहे? एकीनं विचारलं म्हणजे दहा जणी न विचारता निघून गेल्या, असं मी धरते. म्हणून पाऊचचा पहिला फोटो मोबाईल अर्धा बाहेर काढलेला. दुसरा चेन पूर्ण उघडून, अस्तराची शिवण दिसेल असा. तिसरा चेनच्या टोकाचा, अगदी जवळून. तिथं कापडाची छोटी टोपी शिवलेली असते आणि स्वस्त मालात ती नसते. बघणारीला न सांगता कळतं की ४५० कशाचे. बाग प्रिंटचा लाल थेट उन्हात भगवट येतो आणि ट्यूबलाइटखाली कापडाची पांढरी जमीन पिवळी दिसते. सकाळी गॅलरीत, ऊन आत यायच्या आधी फोटो काढा. आणि रंगाबद्दल खरं लिहा: पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा जाईल, वेगळा धुवा. हे वाचून कोणी पळून जात नाही. रंग उतरल्यावर एक तारा देतात, ते महागात पडतं.

जुन्या गिऱ्हाइकांना विसरू नका. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. नाव घेऊन एकेकीला लिहा: ‘ताई, तुम्ही घेतलेल्या निळ्या झोळ्याच्याच कापडाचा बटवा झालाय, दाखवू का?’ ‘ऑफर ऑफर’ ओरडण्यापेक्षा याला उत्तरं बरी येतात.

पैसा अगदीच अडकला असेल तर मोठ्या वस्तूचा भाव पाडण्याऐवजी छोटी वस्तू काढा. झोळे कापून उरलेल्या पट्ट्यांतून नाडीचे बटवे निघतात, अस्तर नाही, चेन नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला ते वाण म्हणून जातात, इंदुरात आणि पुण्या-नागपुरातही. फोटो पंचवीस बटवे परातीत ठेवून काढा, एकाच्या तोंडातून तिळगुळाची पुडी डोकावू द्या. हे नोव्हेंबर संपायच्या आत लिस्टिंगवर हवं, बायका डिसेंबरातच वाण ठरवून टाकतात. कमीत कमी पंचवीस नग आणि अर्धे पैसे आगाऊ, ही अट वरच लिहा. रंग मिसळून येतील हेही लिहा, नाहीतर ‘सगळे लालच हवेत’ म्हणून फोन येतात.