तांत्रिक गटाच्या बैठका ऑनलाइन नेण्यापूर्वीची तयारी

व्यासपीठांची नावे चर्चेला घेण्याआधी आपल्या बैठका नेमक्या कशा असतात ते लिहून काढावे, कारण दहा-बारा जणांची मासिक चर्चा, शंभर श्रोत्यांसमोरचे व्याख्यान आणि कोड दाखवत चालणारी कार्यशाळा यांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. झूमच्या विनामूल्य खात्यावरील बैठक 40 मिनिटांत संपते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असल्यास ती मर्यादा 60 मिनिटांची आहे. दोन तासांच्या कार्यशाळेसाठी हे दोन्ही पर्याय तिथेच बाद होतात.

जित्सी किंवा बिगब्लूबटन ही मुक्तस्रोत बैठक-सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची असतील तर आधी भाराचा हिशेब करावा. सहभागींची संख्या पाहून हा हिशेब होत नाही, किती कॅमेरे सुरू राहणार यावर तो ठरतो. तीस जणांनी कॅमेरे सुरू ठेवले आणि प्रत्येकाला उरलेले सर्व जण दिसायचे असतील, तर सर्व्हरला 870 चित्रप्रवाह बाहेर पाठवावे लागतात. एकटाच वक्ता दिसत असेल तर तेवढ्याच माणसांसाठी 29 पुरतात. म्हणून कॅमेऱ्याविषयीचा नियम सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वीच ठरवावा. लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्स ही लिनक्स विकसकांची परिषद 2020 साली कॅनडातील हॅलिफॅक्सऐवजी ऑनलाइन भरली, तेव्हा आयोजकांनी बिगब्लूबटन निवडले आणि मुख्य परिषदेआधी खुल्या सभा घेऊन त्यावर प्रत्यक्ष माणसांचा भार टाकून पाहिला. आपल्या लहान गटानेही अशी एक सभा घ्यावी, असा माझा आग्रह आहे. चार आयोजकांनी आपापसांत केलेली चाचणी तिची जागा घेऊ शकत नाही.

त्या सभेला कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून येणारे सदस्य मुद्दाम बोलवावेत. अशा ठिकाणी फायरवॉल अनेकदा यूडीपी, म्हणजे आवाज आणि चित्र ज्या मार्गाने जातात ती पद्धत, अडवते, मग माणूस बैठकीत दिसतो पण त्याचा आवाज पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणून टर्न सर्व्हर, म्हणजे आवाज-चित्र मधल्या मार्गाने पोहोचवणारा सर्व्हर, 443 क्रमांकाच्या पोर्टवर (सुरक्षित संकेतस्थळे वापरतात त्याच) टीएलएस या कूटबद्धतेसह उपलब्ध ठेवावा. गावाकडून मोबाइल डेटावर जोडला जाणारा सदस्यही चाचणीत हवाच. त्याला वक्त्याचा आवाज सलग ऐकू येत नसेल, तर बाकी सोयी कितीही चांगल्या असल्या तरी ते व्यासपीठ आपल्या गटासाठी निवडू नये.

ध्वनिचित्रमुद्रणाचा विचार वेगळा करावा. जित्सीमध्ये सर्व्हरवर मुद्रण करायचे तर जिब्री ही वेगळी प्रणाली लागते आणि तिची एक प्रत एका वेळी एकाच बैठकीचे मुद्रण करते, त्यामुळे समांतर सत्रे असतील तर तितक्या प्रती उभ्या कराव्या लागतात. मुद्रण होणार आहे हे निमंत्रणातच लिहावे, वक्त्याची संमती आधी घ्यावी आणि फाइल कोठे, किती काळ राहणार हेही ठरवावे.

व्यासपीठाचे खाते कोणा एका सदस्याच्या खासगी ईमेलवर काढू नये. ते गटाच्या पत्त्यावर असावे आणि यजमानाचे अधिकार किमान दोघांकडे असावेत. व्यासपीठ ऐनवेळी बंद पडल्यास सर्वांनी कोणत्या चॅटवर जमायचे, तो दुवा पहिल्याच निमंत्रणात द्यावा.