ॲबा ऐकायला घेताय? ‘गोल्ड’वर थांबू नका, आणि या चुका टाळा

‘ॲबा, तो स्वीडनचा पॉप बँड ना? सगळं ऐकलंय,’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारते, त्यांचं ‘ईगल’ हे गाणं ऐकलंय? समोरचा गप्प होतो. कारण त्याने ऐकलेला असतो तो ‘ॲबा गोल्ड’. तो अल्बम नाही, 1992 साली निघालेला संग्रह आहे. बँड तेव्हा थांबून दहा वर्षं झाली होती.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक तीच. ‘गोल्ड’मध्ये 19 गाणी आहेत आणि एकही टाकाऊ नाही. अडचण अशी की त्यांना काळाचा क्रम नाही. सुरुवातीला 1976 चं ‘डान्सिंग क्वीन’, तर ज्या गाण्याने त्यांना 1974 साली ब्रायटनमध्ये युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकून दिली ते ‘वॉटर्लू’ अगदी शेवटी. चार तरुण माणसं हसतखेळत येतात, संसार मोडतात, आवाज जड होत जातात, हे त्यात कुठेच कळत नाही. ‘द व्हिजिटर्स’ या 1981 च्या अल्बममधलं तर एकच गाणं तिथे आहे. मी स्वतः मामेभावाने भरून दिलेल्या हिट गाण्यांच्या कॅसेटवर अनेक वर्षं काढली. ॲबा म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनला वाजणारं गोड प्रकरण, अशी माझी पक्की समजूत होती.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी. काही जण शिस्तीत पहिल्या अल्बमपासून सुरू करतात. ‘रिंग रिंग’ 1973 चा. त्यावर ॲबा हे नावसुद्धा नव्हतं, ब्यॉर्न, बेनी, आग्नेता आणि फ्रिडा या चौघांची नावं होती. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला कंटाळा येतो आणि माणूस कायमचा निघून जातो. मधून शिरा. ‘अरायव्हल’ (1976) घ्या, मग ‘सुपर ट्रूपर’ (1980), मग ‘द व्हिजिटर्स’. एवढ्यावर जीव जडला की मागे जा. ‘वॉटर्लू’ नावाचा अल्बम आणि 1975 चा ‘ॲबा’ तेव्हा लाडाने ऐकाल. ‘रिंग रिंग’ शेवटी ठेवला तरी चालतो, आणि नाही ऐकलात तरी मी कुणाला सांगणार नाही.

अल्बम संपतच नाही!

ही तक्रार मोबाइलवर ऐकणाऱ्यांची, आणि खरी आहे. ‘अरायव्हल’ मुळात दहा गाण्यांचा. शेवटचं त्याच नावाचं, शब्दांशिवायचं. विमान उतरल्यावर क्षणभर सगळे शांत बसावेत तसं ते संपतं. पण ॲपवरच्या आवृत्तीत लगेच ‘फर्नांडो’ सुरू होतं आणि त्या शांततेचा पार विचका होतो. नंतरच्या पुनर्मुद्रणात घातलेली बोनस गाणी आहेत ही. ‘द व्हिजिटर्स’चं नुकसान याहून जास्त. त्याचं नववं आणि शेवटचं गाणं म्हणजे घड्याळाची टिकटिक आणि फ्रिडाचा एकटीचा आवाज. त्यानंतर काहीही वाजणं हा अन्याय आहे.

उपाय सोपा. मूळ गाणी किती ते लक्षात ठेवा: ‘अरायव्हल’ 10, ‘द अल्बम’ 9, ‘वुले-वू’ 10, ‘सुपर ट्रूपर’ 10, ‘द व्हिजिटर्स’ 9. तेवढ्यांचीच स्वतःची प्लेलिस्ट करा, शफल बंद, ऑटोप्लेही बंद. ‘सुपर ट्रूपर’मध्ये पाचव्या गाण्यानंतर दोन मिनिटं थांबून बघा. तिथे रेकॉर्ड उलटावी लागायची. दुसरी बाजू ‘हॅपी न्यू इयर’ने उघडते. आपल्याकडे 31 डिसेंबरला हौसेने लावतात ते हेच, पण नीट ऐकलं तर पार्टी संपल्यानंतरच्या सकाळचं, बऱ्यापैकी खिन्न गाणं आहे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘फर्नांडो कुठल्या अल्बममध्ये आहे?’ हा प्रश्न. स्वीडनमध्ये किंवा इंग्लंडमध्ये निघालेल्या कुठल्याच मूळ अल्बममध्ये नाही, ते सुटं सिंगल. ऑस्ट्रेलियातल्या ‘अरायव्हल’वर मात्र होतं, म्हणून गोंधळ. ‘गिमी! गिमी! गिमी!’ (1979) तसंच. आणि ‘द डे बिफोर यू केम’ (1982) तर सुटं म्हणूनच हुकतं. सुमारे सहा मिनिटं एक बाई आपला रोजचा दिवस सांगते: गाडी, ऑफिस, जेवण, टीव्ही. धड कोरस नाही. माझ्या मते ॲबाने यापेक्षा चांगलं काही केलेलं नाही. बोनस गाणी वगळा म्हटलं ते अल्बम ऐकताना. सुट्या गाण्यांसाठी वेगळी संध्याकाळ काढा.

शोधताना भलतंच हाती लागणं हीही नेहमीची गडबड. 2008 च्या ‘मामा मिया’ चित्रपटात नटनट्यांनी स्वतः गायलेली गाणी आहेत. मूळ चौघांचीच हवी असतील तर कलाकाराचं नाव बघूनच प्ले दाबा. आपल्या पिढीला आणखी एक अडचण: ‘मामा मिया’ हे गाणं सुरू झालं की डोक्यात 1977 च्या ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘मिल गया हमको साथी’ वाजायला लागतं. यावर मला अजून इलाज सापडलेला नाही.

शब्दांत घटस्फोट शोधणं

ब्यॉर्न आणि आग्नेता 1979 मध्ये वेगळे झाले, बेनी आणि फ्रिडा 1981 मध्ये. त्यामुळे प्रत्येक ओळीत भांडण हुडकायचा मोह होतो. ‘द विनर टेक्स इट ऑल’ ब्यॉर्नने लिहिलं आणि आग्नेताने गायलं, हे खरंच. पण त्यातली गोष्ट जशीच्या तशी आमची नाही, असं त्याने अनेकदा सांगितलंय. शिवाय या नादात इतर विषय निसटतात. ‘द व्हिजिटर्स’ हे शीर्षकगीत सोव्हिएत राजवटीला विरोध करणाऱ्यांची, दाराची बेल वाजली की उडणारी गाळण सांगतं. ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ शाळेत निघालेल्या मुलीकडे बघणाऱ्या आईचं आहे, आणि गाणारी आग्नेता त्या मुलीची खरीच आई.

कशावर ऐकायचं याबद्दल एवढंच: मोबाइलच्या स्पीकरवर नको. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटोव आग्नेता आणि फ्रिडा या दोघींचे आवाज थरावर थर चढवायचा, मध्ये टेपचा वेग किंचित बदलून. साध्या इअरफोनवरही ते थर सुटे ऐकू येतात.

राहिला ‘व्हॉयेज’ (2021). चाळीस वर्षांनी आलेला म्हणून कौतुकाने तोच आधी लावू नका. आवाज खाली उतरलेत. आधीचे ओळखीचे झाले असतील तरच ते उतरणं पोचतं. पाचवं गाणं ‘जस्ट अ नोशन’ मात्र लबाड आहे: आवाज 1978 चे, वाद्यं नवी. चौथ्या गाण्यावरून त्याच्यावर जाताना डोळे मिटून बसा. दोघी एका क्षणात चाळीस वर्षांनी लहान होतात.