गोल्फच्या स्विंगमुळे खुबा दुखतोय? या चुका टाळा

गोल्फमध्ये धावपळ नाही, अंगावर कोणी येत नाही, त्यामुळे हा खेळ सांध्यांना झेपतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. अठरा होल, म्हणजे पूर्ण राउंड, चालण्यापुरती ती बरोबरही आहे. स्विंगचं, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून चेंडू मारण्याचं, मात्र तसं नाही. वर नेलेला क्लब चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पेल्व्हिस, म्हणजे बेल्टखालचा हाडांचा सगळा सांगाडा, पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडच्या, मांडीच्या हाडाभोवती झपाट्याने फिरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पुढचा पाय डावा, म्हणून त्याचा डावा खुबा जास्त सोसतो. (डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे बाजू उलटी करून वाचावी.)

स्विंग सोडावा लागेल अशी वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचं दुखणं वाढतं ते खुब्याकडे त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वळण मागितल्यामुळे आणि दुखायला लागल्यावर भलतेच उपाय केल्यामुळे.

सगळ्यालाच 'कंबर दुखते' म्हणणं

आपल्याकडे बरगड्यांखालपासून मांडीपर्यंत काहीही दुखलं की 'कंबर धरली' म्हणून मोकळे होतात. मग पट्टा बांधायचा, मलम चोळायचं आणि रविवारी पुन्हा टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे) उभं राहायचं. पण दुखणारी जागा हीच इथे सगळ्यात मोठी खूण असते.

खुब्याचा सांधा उखळीचा आहे आणि तो जांघेच्या आत खोलवर बसलेला असतो. म्हणून खऱ्या खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा पुढे, जांघेत जाणवतं. कुठे दुखतं असं विचारलं की माणूस अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी मूठभर जागा पकडून दाखवतो. मोजे घालताना, मांडी घालून बसताना, रिक्षातून किंवा गाडीतून पाय बाहेर काढताना कळ येते. सांध्याच्या कडेची कूर्चा फाटणं, हाडाच्या घडणीमुळे दोन हाडं एकमेकांना टेकणं किंवा सांधा झिजणं, ही कारणं या गटात मोडतात.

दुखणं बाहेरच्या बाजूला असेल, पँटच्या खिशाखाली जे टणक हाड लागतं तिथे, तर प्रकरण वेगळं. त्या कुशीवर झोपवत नाही, जिने चढताना दुखतं, एका पायावर अर्धा मिनिट उभं राहिलं की ठणकतं. इथे बहुधा कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दुखावलेले असतात.

कुल्ल्यात मागे दुखत असेल, कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा खोकल्यावर झटका बसत असेल, तर आधी मणक्याकडे पाहायला हवं. खुब्याचे व्यायाम करून तिथे फारसा फरक पडणार नाही.

पुढचं पाऊल काटकोनात रोवणं

एकच चूक सुधारायची असेल तर ही सुधारा. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात, दोन्ही पावलं लक्ष्याच्या रेषेला काटकोनात ठेव. दिसायला ते नीटनेटकं दिसतं. आता हिशोब करून पाहा. उभं राहताना बेल्टचं बक्कल चेंडूकडे असतं आणि स्विंग संपताना ते लक्ष्याकडे येतं, म्हणजे पेल्व्हिस सुमारे 90 अंश वळतं. खुब्याला आतल्या बाजूला वळण असतं साधारण 30 ते 40 अंश, आणि वय वाढेल तसं ते कमी होत जातं. उरलेले पन्नास-साठ अंश कुठून आणायचे? थोडे घोट्यातून आणि पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडून येतात, थोडे गुडघ्यातून. तेही संपले की मांडीच्या हाडाची मान उखळीच्या कडेवर आदळते, किंवा कमरेचे मणके नको तेवढे पिळले जातात. म्हणूनच गोल्फ खेळणाऱ्यांची कंबर आणि खुबा ही दुखणी पुष्कळदा हातात हात घालून येतात.

स्वतःचं वळण घरीच तपासता येतं. टेबलाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसा, गुडघे काटकोनात ठेवा. मांडी आणि कुल्ला न हलवता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. पाऊल बाहेर जातं तेव्हा खुबा आत वळत असतो. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. समोरून कोणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा, मग उजव्या पायाचाही घ्या. डावं पाऊल वीसेक अंशांतच अडत असेल किंवा तेवढ्यातच जांघेत चिमटा बसत असेल, तर काटकोनातला पाय तुमच्यासाठी नाही.

उपाय फुकटचा आहे. पुढच्या पावलाची बोटं लक्ष्याकडे 20 ते 30 अंश वळवून उभं राहा. जेवढे अंश पाऊल आधीच वळलं, तेवढे खुब्याला वळायला नकोत. याची किंमत म्हणजे बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) थोडा आखडल्यासारखा वाटतो. तेव्हा वर जाताना डावी टाच जराशी उचलू द्या आणि मागचं पाऊलही दहा-पंधरा अंश बाहेर काढा. पहिले काही दिवस चेंडू इकडेतिकडे जाईल. आठ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या क्लबने) अर्ध्या वेगात सुरुवात करा, ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबला, इतक्यात हात लावू नका.

टाच उचलणं आजच्या काही कोचना जुनाट वाटतं. अमेरिकेचा दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस आयुष्यभर डावी टाच उचलून खेळला. त्याचा डावा खुबाही 1999 च्या जानेवारीत बदलावा लागलाच, त्यामुळे ही युक्ती म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. पण त्याच दुखऱ्या खुब्यासह 1998 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत, वयाच्या 58 व्या वर्षी, तो सहाव्या स्थानावर बरोबरीत होता. एवढं करून दाखवलेल्या माणसाच्या टाचेला जुनाट म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

टीव्हीवरच्या पंचविशीतल्या खेळाडूची नक्कल

खांदे भरपूर वळवायचे आणि पेल्व्हिस रोखून धरायचं, मग खाली येताना पुढचा गुडघा फटकन सरळ करून जमिनीवरून जवळजवळ उडी घ्यायची. ही आजची लांब पल्ल्याची शैली आहे. ती खेळणाऱ्यांच्या मागे फिजिओ, ट्रेनर आणि रोजची जिम असते. आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी पंधरा-वीस यार्ड जास्त मिळवायला हे करणं म्हणजे सरळ सांध्यावर घाव घालणं. पेल्व्हिसला बॅकस्विंगमध्ये वळू द्या आणि पुढचा गुडघा शेवटपर्यंत किंचित सैल ठेवा.

याच्या उलटी चूकही तितकीच नेहमीची. 'वजन पुढे टाक' एवढंच ऐकलेला माणूस वळतच नाही, नुसता लक्ष्याकडे सरकतो. डावा खुबा बाहेर फुगतो आणि शेवटच्या पवित्र्यात सगळा भार त्या बाहेरच्या हाडावर लटकतो. तिथले कंडरे हाडावर दाबले जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या कुशीवर झोपणं अवघड होतं. तपासायला सोपं आहे. पुढच्या पायाच्या बाहेर चार बोटांवर एक काठी उभी रोवा आणि हळू स्विंग करा. खुबा काठीला आदळत असेल तर तुम्ही वळत नाही, सरकताय.

फॉलो-थ्रूमध्येही सुटका आहे. दक्षिण आफ्रिकेचा दिग्गज गॅरी प्लेअर चेंडू मारल्यावर उजवा पाय उचलून पुढे चालायला लागायचा. अंगातला उरलेला वेग चालण्यात जिरला की पुढच्या खुब्याला एकट्याने ब्रेक लावावा लागत नाही. क्लबातले मित्र हसतील. हसू द्या.

दुखतंय म्हणून ताणत बसणं

जांघ दुखली की लोक फुलपाखरू आसन करतात, गुडघा छातीशी ओढून आत दाबतात, नाहीतर इंटरनेटवर पाहून कपोतासनात बसतात. स्नायू आखडला असेल तर बरं वाटेल. पण हाडाला हाड टेकत असेल किंवा कूर्चा फाटली असेल, तर तोच चिमटा तुम्ही रोज स्वतःच्या हाताने घेताय. नियम साधा ठेवा. ताण मांसात जाणवला तर चालेल, जांघेत टोचलं तर लगेच थांबा.

बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात तर एक पाय दुसऱ्यावरून ओलांडून केलेला ताण हमखास नडतो, कारण आधीच दाबलेला कंडरा आणखी दाबला जातो. पायावर पाय टाकून बसणं बंद करा. टीवर आपली पाळी येईपर्यंत क्लबवर रेलून, एक कुल्ला बाहेर काढून उभं राहण्याची जी लाडकी ढब असते, तीही सोडा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत जाड उशी घ्या.

दोन्ही प्रकारांत खरा उपयोग होतो तो ताकदीचा. पाठीवर झोपून कुल्ले उचलणं, हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं, भिंतीला पाय बाहेरून दाबून धरणं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर प्रमाण बरोबर आहे. सकाळी जास्त दुखलं तर कमी करा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून सोडणारेच फार.

बादलीभर चेंडू

राउंडला नव्वदच्या घरात फटके लागणाऱ्याचे अठरा होलमध्ये पूर्ण ताकदीचे स्विंग चाळीसच्या आसपास होतात, तेही चार-साडेचार तासांत आणि मध्ये चालत. तोच माणूस सरावाच्या रेंजवर पाऊण तासात शंभर चेंडू मारतो, आणि बादलीत शिल्लक राहिले तर पैसे वसूल करायला तेही. त्यातून खाली चटई. गवतावर बूट थोडा सरकतो, फिरतो. चटईवर तो जागीच चिकटतो आणि उरलेलं वळण खुबा-गुडघ्याला द्यावं लागतं. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात कोर्स चिखलाने भरला की सगळे चटईकडे वळतात आणि दुखणी तिथून सुरू होतात. चटईवर खेळायचंच असेल तर स्पाइकचे बूट काढून साध्या तळव्याचे घाला, तीस-चाळीस चेंडूंवर थांबा, निम्मे वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) मारा आणि प्रत्येक फटक्यानंतर दोन पावलं मागे येऊन पुन्हा उभे राहा.

वॉर्म-अपबद्दल सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही. तासभर गाडी चालवून आल्यावर पहिला फटका ड्रायव्हरचा नको. पाच मिनिटं भरभर चाला, आधार धरून पाय पुढे-मागे झुलवा, मग दहा-बारा अर्धे स्विंग.

गोळी घेऊन टी-ऑफ करणं

डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची गोळी घेऊन कोर्सवर उतरणं हा राजरोस प्रकार झालाय. दुखणं दबतं, सांध्यावरचा भार तेवढाच राहतो. आणि उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत अशी गोळी घेणं मूत्रपिंडाला वाईट. रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

गोळीने दुखणं झाकायचं नाही अशा खुणा लक्षात ठेवा: रात्री झोपेतून उठवणारी कळ, पडल्यानंतर पायावर भार न घेता येणं, दुखण्यासोबत ताप, सांधा मध्येच अडकणं. आणखी एक गोष्ट तिशी-चाळिशीतल्यांसाठी. पूर्वी मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेतली असतील किंवा मद्यपान भरपूर असेल आणि जांघेत दुखू लागलं, तर स्विंगला दोष देत बसू नका. खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा आटण्याचा आजार असू शकतो. त्यात सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्येच कळतं, आणि लवकर कळण्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

दुसरीकडे, एमआरआयच्या अहवालात 'लेब्रम (सांध्याच्या कडेची कूर्चा) फाटलेलं' असं वाचून गर्भगळीत व्हायचंही कारण नाही. काहीच दुखत नसलेल्या माणसांतही ते पुष्कळदा दिसतं. फोटो, तपासणी आणि तुमची तक्रार, तिन्ही जुळली तरच त्याला अर्थ. सांधा खरोखर झिजून गेला असेल तर बदलणं म्हणजे खेळ संपणं नव्हे. अमेरिकेचा गोल्फपटू टॉम वॉटसनचा डावा खुबा ऑक्टोबर 2008 मध्ये बदलला आणि जुलै 2009 मध्ये, 59 व्या वर्षी, तो स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीच्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या होलवर एका पटने (चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या फटक्याने) विजेतेपदाला मुकला. प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंकने त्याला हरवलं.

विश्रांतीनंतर थेट अठरा होल

तीन आठवडे क्लबला हात लावला नाही, दुखणं गेलं, आणि परतल्या दिवशीच मित्रांबरोबर पूर्ण राउंड पैजेवर. दुखणं दोन दिवसांत हजर. विश्रांतीत दाह शमतो, पण स्नायूंची ताकद घटते आणि स्विंग होता तोच राहतो.

परतताना पहिला आठवडा फक्त पटिंग आणि चिपिंग, म्हणजे होलजवळचे छोटे फटके. दुसऱ्यात वेजचे अर्धे स्विंग, एक दिवस आड, वीस-तीस चेंडू, जमलं तर गवतावर. मग छोटी आयर्न तीन-चतुर्थांश वेगात. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना जांघ कुरकुरली नाही तरच पुढची पायरी, नाहीतर आहे तिथेच आणखी चार दिवस. नऊ होल दोनदा निर्वेध झाले की अठरा. बॅग ट्रॉलीवर किंवा कॅडीकडे द्या. चेंडू उचलायला खाली वाकायचं झालं तर दुखऱ्या बाजूचा पाय मागे लांबवून वाका. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, आणि तोही सुरुवातीला एका राउंडमध्ये चार-पाच होलांपुरता. बाकीच्या टीवर हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) चालेल.