कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सर्जनला काय विचाराल?

"डॉक्टर, तारीख कधीची देताय?" समोर बसलेला पेशंट बहुतेक वेळा हेच आधी विचारतो. मी कॅन्सरची ऑपरेशनं करते, तरी सांगते, तारखेचं नंतर बघू. आतडं बंद पडलं, रक्तस्राव थांबेना, अशी वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

आधी विचारा, "ऑपरेशन पहिलं की केमो पहिली?" काही गाठी केमोने आकसतात आणि मग कमी कापावं लागतं. हे सर्जनने एकट्याने ठरवायचं नसतं. केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "माझी केस बोर्डापुढे ठेवली का?" असं बिनधास्त विचारा. राग आला तर येऊ दे.

मग, किती काढणार? स्तनाची गाठ असली की बायका म्हणतात, "सगळंच काढा, डोक्याला ताप नको." एकेकाळी आम्ही सर्जनही हेच म्हणायचो. हॉलस्टेड नावाच्या जुन्या अमेरिकन सर्जनच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही जायचे. त्यावर शंका घेतली तीही एका सर्जननेच, बर्नार्ड फिशर यांनी. कोणाचं पूर्ण स्तन काढायचं आणि कोणाची फक्त गाठ, हे त्यांच्या उपचारांच्या चाचणीत (क्लिनिकल ट्रायल) चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. २० वर्षांचा हिशेब २००२ साली छापून आला. जगण्यात फरक नव्हता. मात्र नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. जोडीला रेडिएशन घेतलेल्यांत १४.३ टक्के. तेव्हा स्तन वाचवायचं तर रेडिएशन चुकवू नका. तुम्हालाही कोणी चाचणीत घ्यायचं म्हटलं, तर संमतीपत्र घरी नेऊन वाचा. नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार मिळतातच.

आता माझ्या आवडीचा भाग. स्तनातली गाठ बाहेर आली की मी तिला दोन टाके घालते: आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा काखेकडच्या. नवखी असताना एकदा घाईत तशीच पाठवली. पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, "मॅडम, हिचं वर कुठलं?" मला सांगता येईना. तपासणीआधी गाठीच्या कडांना शाई लावतात; एका कडेला त्या शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या, पण कड कुठली ते कळायला मार्ग नव्हता. त्या बाईंना पुन्हा टेबलावर घेऊन चहूबाजूंनी काढावं लागलं.

म्हणून टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट उघडून विचारा: कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशींविना, आहेत का? लिम्फ नोड (कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या छोट्या गाठी) किती तपासले, किती बाधित निघाले? मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनात साधारण १२ तरी तपासलेले असावेत. कमी असतील तर कारण विचारा. आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका, काढलेल्या गाठीच्या काचेच्या स्लाइड आणि तिचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.