डिशवॉशरचं ‘रिन्स’ बटण वापरताना या चुका टाळा

दोन माणसांचं रात्रीचं जेवण झालं. चार ताटल्या, सहा वाट्या, भाताचं एक पातेलं. एवढ्यासाठी डिशवॉशरचा पूर्ण प्रोग्रॅम लावायचं जिवावर येतं. ‘प्री-रिन्स’, ‘रिन्स अँड होल्ड’ किंवा नुसतं ‘रिन्स’ अशा नावाचं बटण याच वेळेसाठी दिलेलं असतं. ते भांडी विसळतं, धूत नाही. बहुतेक मॉडेल्समध्ये साधारण १५ मिनिटं आणि ३ ते ४ लिटर थंड पाणी. डिटर्जंट नाही, हीटर नाही, वाळवणं नाही. भांडी उद्यापर्यंत आत राहिली तरी खरकटं कडक होऊ नये आणि दार उघडल्यावर वास येऊ नये, एवढंच त्याचं काम.

रोज, प्रत्येक वेळी आधी रिन्स लावणं

ही सगळ्यात महागडी सवय. मुख्य प्रोग्रॅमच्या सुरुवातीला बहुधा विसळण्याचा टप्पा असतोच. मशीन भरलेलं आहे आणि लगेच लावायचं आहे, तर आधी रिन्स कशाला? रोजचे ४ लिटर म्हणजे महिन्याला १२० लिटर पाणी फुकट. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा हिशेब चांगलाच कळतो.

पण नळाखाली एकेक ताटली विसळून मग आत लावणं याहून वाईट. मोजून बघा: नळाखाली एक लिटरचा तांब्या धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ८ सेकंदांत भरला, तर ४ लिटर जायला जेमतेम अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटात दहा ताटल्या कुणाच्याच विसळून होत नाहीत. तेव्हा विसळायचंच असेल तर मशीनला विसळू द्या. लगेच धुवायचं असेल तर खरकटं फक्त निपटा आणि थेट पूर्ण प्रोग्रॅम लावा.

तूप-तेलावर रिन्सचा भरवसा ठेवणं

थंड पाण्यानं भाताची पेज जाते, वरण जातं, ताकाचा पांढरा थर जातो. तूप जात नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तूपही थंडीत घट्ट होतं. हिवाळ्यात सकाळच्या पाण्यानं फोडणीची कढई विसळली की तेलाचा काही भाग निघून फिल्टरच्या जाळीवर चिकटून बसतो. (मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी एवढं तापलेलं असतं की तेव्हा निदान तूप सुटतं, पण तो मशीनचा गुण नव्हे.) तेलकट कढई आधी जुन्या कागदानं पुसून घ्या. तळलेलं तेल तर मशीनमध्ये ओतायचंच नाही.

यातूनच पुढची गडबड होते. ‘ऑटो’ प्रोग्रॅममधला सेन्सर पाण्याचा गढूळपणा पाहून तापमान आणि वेळ ठरवतो. रिन्समध्ये पीठ, वरण, मसाला निघून गेलेला असतो आणि तेलाचा थर मागे राहतो. पाणी स्वच्छ दिसलं की मशीन कधीकधी सौम्य धुलाई निवडतं आणि डब्यांवर बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. रात्री रिन्स केलेली तेलकट भांडी दुसऱ्या दिवशी ऑटोवर लावू नका; ६० ते ७० अंशांचा ठरावीक प्रोग्रॅम निवडा.

परात तशीच आत ठेवणं

कणकेचा वाळलेला पापुद्रा थंड पाण्यात विरघळत नाही, फुगतो. फुगलेला चिकट गोळा फिल्टरवर जाऊन बसतो आणि पाणी पुढे सरकत नाही. परात आधी उलथन्यानं खरवडा. चहाचा चोथा, कढीपत्ता, लिंबाच्या बिया, हाडं, काटे हे सगळं कचऱ्याच्या डब्यात. फिल्टर नीट घट्ट बसलेला नसेल तर लिंबाची बी वर चढून पाणी फवारणाऱ्या फिरत्या पंख्याच्या भोकात अडकते. टाचणीनं किंवा टूथपिकनं ती काढता येते. रिन्स वारंवार वापरत असाल तर आठवड्यातून एकदा फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेला फिरवून बाहेर काढा आणि मऊ ब्रशनं धुवा.

टॅब्लेट आधीच टाकून ठेवणं

रिन्समध्ये डिटर्जंटचं झाकण उघडत नाही. आत ठेवलेली टॅब्लेट दमट हवेत रात्रभर राहून खाचेला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट विरघळते. तळाशी टाकली तर सरळ गटारात. टॅब्लेट पूर्ण प्रोग्रॅमच्या वेळीच टाका.

दार गच्च बंद ठेवणं

रिन्सनंतर भांडी ओली असतात आणि आत उष्णता नसते. बंद दाराआड दोन दिवसांत कुबट वास धरणारच. दार दोन बोटं उघडं ठेवा. दोन दिवसांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर रिन्सची वाट सोडा आणि अर्ध्या भरलेल्या मशीनवरच पूर्ण प्रोग्रॅम लावा. रिन्स झालेला पेला स्वच्छ समजून पाणी प्यायला काढू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी घरात पाहुणे असले की बाहेर चिठ्ठी लावलेली बरी.

मग रिन्स कधी? मासे किंवा अंडी झालेली असतील आणि मशीन उद्या लागणार असेल, तर नक्की. अंड्याचा बलक आणि दूध गरम पाण्यानं घट्ट चिकटतात, थंड पाण्यानं सुटतात. सोलकढी, चिंचेची आमटी, लोणचं यांच्या स्टीलच्या वाट्यांनाही रिन्स फायद्याचं, कारण मीठ आणि आंबट रात्रभर राहिलं की स्टीलवर टोचल्यासारखे बारीक डाग पडू शकतात आणि ते पुढे घासून जात नाहीत. करपलेल्या खिरीच्या पातेल्याला मात्र रिन्सचा उपयोग शून्य. ते पाणी घालून भिजत ठेवा.

आणखी एक उपयोग सहसा लक्षात येत नाही: दोष शोधणं. दहा-बारा दिवस गावाला जाऊन आलात किंवा मशीन नव्या घरात बसवलंत, तर रिकामं मशीन रिन्सवर लावा. पाणी थंड असतं, त्यामुळे मध्येच दार उघडलं तरी वाफ अंगावर येत नाही. सुरू करण्याआधी दोन्ही पंखे दाराला समांतर ठेवा. पाच मिनिटांनी दार आधी किंचित सोडा, पाण्याचा आवाज थांबला की पूर्ण उघडा. असं दोनतीनदा करूनही एखादा पंखा जागचा हलला नसेल, तर त्याची भोकं तुंबलीत किंवा पाण्याचा दाब कमी आहे. पाणीच आलं नाही तर नळाची तोटी आणि पाइपच्या टोकाची बारीक जाळी बघा; टाकी धुतल्यानंतर तिथे हमखास गाळ साचतो. शेवटी फिल्टरच्या खड्ड्यात थोडं पाणी उरणं ठीक, पण तळावर पसरलेलं दिसलं तर आधी फिल्टर काढून धुवा आणि मग मागचा निचऱ्याचा पाइप भिंतीला दबून दुमडलाय का ते पाहा.